धुराच्या वासाचा चहा

लग्न होऊन मी रोहिणखेडहून जानेफळला आले, तेव्हा महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं आणि सून म्हणून मीही. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून दूध लागलं. पातेल्याच्या बुडाशी करपून घरभर वास सुटला.  त्या दिवसापासून चूल सासूबाईंनी स्वतःकडे ठेवली. माझ्या वाट्याला भांडी, पाणी आणि निवडणं-टिपणं. दोन महिने मी पाहुणीसारखी त्या घरात वावरले, आणि ते मला फार झोंबायचं.

एका दुपारी शेजारच्या खाला एक पुडी घेऊन आल्या. त्यांचा भाऊ बोटीवर खलाशी होता. "चीनची चाय हाय बेटी, काळी. आमच्याकडं कोनी पेत नाही." सासूबाई शेतात गेल्या होत्या. मी संधी साधली.

नेहमीसारखं दूध, साखर, पत्ती घालून उकळलं. आणि काय सांगू, करपल्याचा वास! वाटलं, परत दूध लागलं. सगळं मोरीत ओतलं, पातेलं राखेनं खसाखसा घासलं, पुन्हा मांडलं. पुन्हा तोच वास. घरातलं दूध संपलं आणि मला रडूच फुटलं.

शेवटी नुसत्या पाण्यात पत्ती टाकली. तरी धूर होताच! म्हणजे वास पत्तीचाच, माझा दोष नव्हताच. मग मी बशीत ओतून घोट घेतला. आधी ओल्या लाकडाचा धूर, मागून खारकेसारखा गोडवा, मग बराच वेळ जिभेवर रेंगाळणारा तुरटपणा. डोळे आपोआप मिटले. कुठले तरी डोंगर, खाली उतरलेलं धुकं, मंद जाळावर पत्ती वाळवणारी कुणी बाई, तिच्या केसांतही हाच वास. मी तिच्याशेजारी किती वेळ बसले होते, देव जाणे.

"दूध लावलं काय वो?"

सासूबाई दारात उभ्या होत्या.

"दूधच नाही त्यात, आत्याबाई." मी बशी पुढे केली. मोरीत गेलेल्या दुधाचंही सांगून टाकलं.

त्यांनी कपाळाला हात लावला. मग एक घोट घेतला, दुसरा घेतला आणि भिंतीला टेकून बसल्या.

"माह्या मायच्या पदराले असाच वास राहे," त्या म्हणाल्या. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

मी चुलीपुढून उठायला लागले.

"बस तिथंच," त्या म्हणाल्या. "आजच्या भाकरी तूच टाक."