सुनंदा मॅडमचा न दिसलेला लेख

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट कळत नाही.

लातूरच्या एका क्लासमध्ये मी फिजिक्स शिकवायचो, सुनंदा मॅडम बायोलॉजी. त्या किल्लारीच्या. भूकंपात त्यांची धाकटी बहीण गेली, तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या.

मला लिहायची हौस. माझा ब्लॉग मीच उभारला होता — साध्या फाइलीत, मार्कडाउनमध्ये लिहायचं. ओळीआधी हॅश टाकला की मथळा, शब्दाभोवती चांदण्या टाकल्या की ठळक अक्षरं. मॅडमना ते शिकवलं, त्यांचाही ब्लॉग काढून दिला. वाटलं, माझ्यामागून चालतील.

त्यांनी पहिला लेख लिहिला तो भूकंपानंतरच्या पत्र्याच्या शाळेवर. कुठून कुठून लोकांची पत्रं आली, माझ्याच इमेलवर. आणि माझ्या तीन वर्षांच्या लेखांना? मेहुणा तेवढा ‘छान’ लिहायचा. मी हसून अभिनंदन केलं — पण आत काय जळत होतं, ते मला तेव्हाच ठाऊक नव्हतं का?

मग त्यांनी बहिणीवर लिहिलं. स्टाफरूममध्ये, माझ्याच कॉम्प्युटरवर, थांबत थांबत. मी वाचलं. त्यातलं एक वाक्यसुद्धा माझ्या हातून उतरलं नसतं.

आणि मी — फाइलीच्या माथ्यावर एक ओळ टाकली. ‘ड्राफ्ट: ट्रू’. ती असली की लेख माझ्या पडद्यावर दिसतो, बाहेर कुणालाच नाही. मॅडमचा फोन साधा, बटनांचा. त्यांनी माझ्या पडद्यावर पाहिलं, डोळे पुसले, तासाला गेल्या.

आठवडाभर रोज विचारायच्या, “सर, कुणी काही लिहिलं का हो?”

“न्हाई, मॅडम.”

शेवटी म्हणाल्या, “लोकायला काय करायचंय माझ्या बहिणीचं? ऱ्हाऊ द्या, बंद करू.”

एक ओळ तर पुसायची होती. मी पुसली नाही. वाईट वाटलं म्हणू? खोटं होईल — बरं वाटलं मला.

त्यांनी पुन्हा कधी लिहिलं नाही.

परवा नांदेडच्या बसस्टँडवर भेटल्या. सोबत मुलगी. तिला म्हणाल्या, “पाया पड सरांच्या. लई सरळ माणूस हाय. माझं लिहिणं कुणी वाचत न्हाई, ते यांनी तोंडावर खरं सांगितलं.”

मुलगी वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.