वैरण घालणाऱ्याला बरोबर आणा

गुरांच्या डॉक्टरकडे किस्से शेणासारखे साचतात. रोज उचलावेत, तरी सकाळी पुन्हा ढीग! माणसांच्या डॉक्टरला निदान पेशंट काहीतरी सांगतो. आमचा पेशंट मुका, आणि त्याला घेऊन येणारा मालक त्याहून मुका!

लढाईच्या वर्षांत मी मेढ्याच्या गुरांच्या दवाखान्यात होतो. एक कौलारू खोली, पुढे जनावर उभं करायचा लाकडी खोडा आणि तिरक्या जिभेचा कंपाउंडर बाबूराव, एवढाच संसार. पण त्या संसाराची आठवण आली की अजून जीव तिकडे ओढतो.

*

पहिल्याच आठवड्यात डोंगरातल्या वाडीवरून एक म्हातारबा आले. एकटेच!

"बैल लंगडतोय सायेब."

"कुठाय बैल?"

"घरी. लंगडतोय म्हटलं न्हवं? येवढा डोंगर उतरून यील कसा?"

"बरं, कुठल्या पायानं लंगडतो?"

म्हातारबांनी धोतर वर खोचलं, दोन्ही हात जमिनीला टेकले आणि अंगणात हुबेहूब लंगडत एक फेरी मारली. शेवटी मान हलवून बैलासारखे फुरफुरलेसुद्धा!

बाबूराव अत्यंत गंभीरपणे म्हणाला, "साहेब, ह्यांनाच खोड्यात घेऊ का?"

*

तिकडे आणखी एक रीत होती. आपण होऊन काही सांगायचं नाही. डॉक्टरची परीक्षाच ती!

एकदा फुगलेल्या पोटाची म्हैस आली. मी विचारलं, "कधीपासून फुगलंय? घरी काय पाजलंत?"

मालक मिशीला पीळ देत म्हणाला, "समदं आमीच सांगायचं, तर तुमी कशाला?"

"अहो, आधी काय दिलंय ते कळल्याशिवाय वरून औषध कसं देऊ?"

"काय बी दिल्यालं न्हाई. आईशपथ!"

तेवढ्यात म्हशीने मोठ्ठा ढेकर दिला. सगळ्या दवाखान्यात हिंगाचा वास भरला!

बाबूराव मालकाकडे वळला. "ऐकलंत? म्हशीनं सांगितलं!"

*

या सगळ्यावर कळस केला तो एका कारभाऱ्यांनी. डोक्याला पटका, हातात काठी, आणि मागून गडी म्हैस हाकत आणतोय.

"ही चार दिवस झालं खात न्हाई," कारभारी म्हणाले.

"रवंथ करते का?"

"ते घरात इचारायला पायजे."

"शेण पातळ टाकते का?"

"ते बी घरात इचारायला पायजे."

"दूध किती देते?"

"चापुरतं येतंय की!"

म्हैस मात्र ठणठणीत. डोळे स्वच्छ, नाक ओलं, आणि आमच्या कुंपणाचा पाला एकीकडे ओरबाडून खात होती! मी चक्रावलो. तेवढ्यात रस्त्यावरून एक सून पदर सावरत, धापा टाकत दुसरी म्हैस ओढत आली.

"मामंजी! आजारी ती न्हवं, ही!"

बाजाराच्या गावी जायचं ते पुरुषांनी, ही त्या काळची पद्धत. धारा काढणारी, वैरण घालणारी बाई घरी, आणि दवाखान्यात पटका! त्या दिवशी दुपारीच मी दारावर पाटी लावली : 'जनावराबरोबर वैरण घालणाऱ्याला आणावे.'

*

पाटीचा उपयोग झाला. बायाबापड्या येऊ लागल्या आणि माझं निम्मं काम हलकं झालं. मग एका बाजाराच्या दिवशी साळूबाई आली. विधवा बाई, एकुलता एक मुलगा रघू फौजेत. सोबत पाखऱ्या नावाचा खिलार बैल, त्याचं हाडन् हाड दिसत होतं.

बाबूरावाने तिला पाटी वाचून दाखवली. ती शांतपणे म्हणाली, "वैरण घालणारा लढाईवर गेलाय. त्याला कसा आणू?"

रघू गेल्यापासून पाखऱ्याने वैरण सोडली होती. मी तोंड पाहिलं, पोट पाहिलं, ताप पाहिला. रोग म्हणावा असा काही नव्हताच.

"जाताना पोरगं म्हणलं, आये, पाखऱ्याला संभाळ. आता ह्यो गेला तर..." तिच्या मनात काय होतं ते आम्हा दोघांनाही कळलं. बैल टिकला तर पोरगा परत येईल, अशी तिने मनाशी गाठ बांधली होती.

मला वाईट वाटलं. औषध तर नव्हतं. काहीतरी सांगायचं म्हणून म्हणालो, "रघूचं एखादं अंगातलं कापड आहे का घरी?"

"बंडी हाय. धुतल्याली न्हाई. धुवाय हातच झाला न्हाई."

"ती घालून वैरण टाकून बघा."

पुढच्या बाजाराला ती लुगड्यावर मुलाची बंडी चढवून, पाखऱ्याचा कासरा धरून आली. सगळा बाजार हसत होता. एकाने विचारलं, "काय साळूआक्का, फौजंत भरती झालीस का?"

"हास गड्या, हास! बैल खातोय!"

*

मध्येच एक सांगलीकडचा किस्सा सांगून टाकतो, नाहीतर राहील. काही महिने मला तिकडे धाडलं होतं. तिथे एक जैन व्यापारी, सगळे त्यांना अण्णा म्हणत, कान फाटलेलं कुत्रं मांडीवर घेऊन टांग्यातून उतरले.

"कुत्रं आमचं न्हवं हं डॉक्टर. दुकानासमोर पडून असतंय."

"खायला कोण घालतं?"

"घालत असंल कुणीतरी."

कुत्र्याने अण्णांच्या उपरण्यात तोंड खुपसलेलं! मी कान शिवला आणि म्हटलं, आज इथेच राहू दे. अण्णा गेले, आणि तासाभरात दूधपोळीचं भांडं घेऊन घाईघाईने परत आले.

"दिवस मावळायच्या आत खाऊ घाला बरं का. आमच्यात रातचं कुणी जेवत न्हाई!"

*

मी मेढ्याला परतलो. लढाई संपली. साळूबाई दर बाजाराला पाखऱ्याला घेऊन यायचीच, अंगात तीच बंडी. "काय झालंय?" विचारलं तर म्हणायची, "काय न्हाई. खातोय. बघा की."

आणि एके दिवशी तिच्याबरोबर खाकी कपड्यातला, बूट घातलेला, काळवंडलेला एक जवान आला. रघू! बाबूरावाने हातातली बाटली खाली ठेवली आणि चक्क डोळे पुसले.

रघूचं तोंड मात्र उतरलेलं. तो हात पुढे करून बैलाजवळ गेला, तर पाखऱ्या फुत्कारला आणि शिंगं रोखून मागे सरला.

"सायेब, कालधरनं असंच चाललंय. आये, ह्यो मला वळखंना गं!"

साळूबाईने काखेतली कडब्याची पेंढी खाली ठेवली, बंडी काढली आणि खाकीवरून त्याच्या अंगात चढवली. पाखऱ्या पुढे आला. त्याने बंडी हुंगली. रघूचा हात हुंगला, चाटला. मग त्याच्या खांद्यावरून मान लांब केली आणि साळूबाईच्या उघड्या पडलेल्या खांद्यावर तोंड टेकून उभा राहिला.

रघू हसायला लागला, आणि हसता हसता रडायला. त्याची नजर दारावर गेली. पलटणीत शिकलेल्या अक्षरओळखीने त्याने एकेक अक्षर लावत पाटी वाचली. मग आईकडे बोट दाखवून म्हणाला, "आणलीया, सायेब!"

साळूबाईने पदराने तोंड पुसलं आणि खालची पेंढी उचलून त्याच्या हातात कोंबली.

"गप रं. धर ही. आता तू घाल."