महबूबभाईंची बोरूची पत्ती

महबूबभाईंना नुसता सॅक्सोफोन तोंडाला लावून उभं राहा म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं मी चाळीस वर्षं छातीठोकपणे सांगत आलो. तो जन्मला होता. रविराज त्याचं नाव, वय तीस, धंदा इव्हेंटचा.

पण आधी महबूबभाई. मी आनंदराव, त्यांच्या मागं ड्रम बडवणारा, तेव्हा मी त्यांच्याबद्दल तटस्थपणे बोलेन अशी आशा कुणी धरू नये. महबूबभाई आता बहात्तरचे. गाव वडगाव रासाई, नोकरी दौंडच्या लोको शेडात खलाशाची, म्हणजे इंजिनदुरुस्तीतल्या मदतनिसाची. शेडापलीकडच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे रेल्वेवाल्यांच्या क्लबात, शनिवारी संध्याकाळी मेंडिस नावाचे गार्ड पियानोवर बसायचे. त्यांच्याकडं अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्यांच्या रेकॉर्डी होत्या. त्या गाण्यांना सोल म्हणतात हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं. महबूबभाईंनी पहिली रेकॉर्ड ऐकली आणि म्हणाले, "सायब, ही तर कव्वालीच हाय की. एक जण हाक मारतोय, बाकीचे ओ देत्यात." मला ते आमच्या गावच्या भजनासारखं वाटलं. मेंडिससाहेब म्हणाले, दोघांचंही बरोबर आहे, आता वाजवा, आणि महबूबभाईंच्या हाती सॅक्सोफोन, माझ्या हाती ड्रमच्या काठ्या दिल्या. दौंडात सोल वाजायचं म्हटलं की पुण्यातली माणसं गालात हसतात. हसू देत. वाजायचं, आणि झकास वाजायचं.

सॅक्सोफोनच्या मुखाला एक पातळ पत्ती बसवतात. ती थरथरली की आवाज फुटतो. विकतची पत्ती मुंबईहून यायची, म्हणजे बहुतेक वेळा यायचीच नाही. मग महबूबभाई भीमेच्या काठचा बोरू कापून आणायचे, सावलीत वाळवायचे आणि काचेच्या तुकड्यानं तासत बसायचे. त्या पत्तीचा आवाज जरा खरखरीत निघायचा. मेंडिससाहेबांना तोच आवडायचा.

पुढं इन्स्टिट्यूट ओस पडलं, मेंडिससाहेब लेकीकडं परदेशी गेले आणि आम्ही लाल कोट चढवून लग्नाच्या बँडमध्ये शिरलो. पाठवणीला बाकीचे बँड सिनेमातलं रडकं गाणं वाजवायचे. महबूबभाई मेंडिससाहेबांनी बांधलेली एक संथ चाल वाजवायचे. तिला नाव नव्हतं. लोकांनीच ठेवलं. पाबळपासून मांडवगणपर्यंत सुपारी देतानाच माणसं बजावायची, "पाठवणीला ते दौंडचं वाजवा बरं का."

डीजे आला आणि सुपाऱ्या आटल्या. अशात गेल्या उन्हाळ्यात मांडवगण फराट्याहून हौसराव आप्पांचा फोन आला. नात मोनालीचं लग्न होतं. "तिच्या आत्याच्या पाठवणीला वाजिवलं व्हतं, तेच पायजे," आप्पा म्हणाले. महबूबभाईंनी हो म्हटलं आणि तीन दिवस पत्त्या तासल्या. बाकी काही विचारलं नाही. आमच्या धंद्यात सुपारी म्हणजे वाजवणं, त्यात विचारायचं काय?

लॉनवर पोचलो तेव्हा कळलं की आप्पांच्या मुलांनी सगळं लग्न रविराजच्या हाती दिलंय. तो आला, महबूबभाईंच्या पाया पडला आणि म्हणाला, "मामा, नवरीच्या एंट्रीला ट्रॅक लावणार हाय. पाठवणीला पण ट्रॅकच. तुम्ही फक्त वाजिवल्यासारखं करा. शूटिंगमध्ये भारी दिसतं." एवढ्यावर न थांबता त्यानं सॅक्सोफोनच्या मुखावरची पत्ती, ती धरून ठेवणाऱ्या पट्टीसकट, काढून खिशात टाकली. चुकून फुंकलं तर माइकमध्ये आवाज घुसतो म्हणे.

माझं डोकं फिरलं. महबूबभाईंनी मात्र नुसती डोक्यावरची टोपी नीट केली. साध्या चुकलेल्या ठेक्यावरून मला चारचौघांत झापणारा हा माणूस टोपी नीट करत उभा राहिला, आणि मला खरंच वाईट वाटलं. म्हटलं, संपलं.

एंट्रीला ट्रॅक सुरू झाला. मोनाली आली, धूर सुटला, कॅमेरा महबूबभाईंवर आला. त्यांनी सॅक्सोफोन गळ्यात तसाच लोंबता ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागं बांधले. रविराज लांबून खुणा करून करून दमला. ट्रॅकवर सॅक्सोफोन वाजतोय आणि समोर सॅक्सोफोनवाला हात मागं बांधून उभा, असं शूटिंग झालं.

"मामा, इज्जत घालवली माझी!" रविराज येऊन भडकला.

"तुजी गेली व्हय? मग माजी राहिली," महबूबभाई म्हणाले.

पाठवणीची वेळ झाली. साउंडवाला ट्रॅक शोधत होता. महबूबभाईंनी टोपीच्या घडीतून बोरूची दुसरी पत्ती काढली आणि जिभेवर ओली केली. पट्टी रविराजच्या खिशात होती. त्यांनी मांडवाची झेंडूची माळ तोडली, फुलं काढून टाकली आणि तिच्या दोऱ्यानं पत्ती मुखाला करकचून बांधली. मला म्हणाले, "आनंदा, सावकाश."

पहिला सूर फाटला. दुसरा लागला. तोच खरखरीत आवाज. मी ड्रमवर सावकाश ठेका धरला. इतका वेळ फोटोसाठी रडवेली तोंडं करणाऱ्या बाया डोळ्यांना पदर लावून खरंच रडायला लागल्या. तेवढ्यात स्पीकरवर ट्रॅक सुरू झाला. हौसराव आप्पा काठी टेकत उठले आणि साउंडवाल्यावर ओरडले, "ए, बंद कर ते! दौंडचं चाललंय, ऐकू यीना का?"

ट्रॅक बंद झाला. चाल पूर्ण झाल्याशिवाय मोनाली गाडीत बसली नाही.

सामान आवरताना रविराज आला. खिशातली पत्ती आणि पट्टी पुढं करून खालच्या आवाजात म्हणाला, "मामा, पुढच्या महिन्यात शिरूरला एक लग्न हाय. याल का?"

महबूबभाईंनी पट्टी तेवढी उचलली. पत्ती त्याच्याच तळहातावर ठेवून त्याची मूठ मिटली.

"यीन की. ही ठेव तुज्याकडं. परत माजी पत्ती काढून घ्यायची हौस आली, तर आधीच काढलेली आसंल."