स्थलांतरित व्हावे

तलाठ्यांनी माझ्या हातात कागद दिला आणि म्हणाले, "बाई, तुम्हीच वाचून दाखवा. माझं ऐकत नाहीत ते."

मी तेव्हा रत्नागिरीहून दोन तासांवरच्या एका गावात प्राथमिक शाळेवर होते. शाळा खाली रस्त्याला आणि वाडी वर चढणीवर, चौदा घरांची. बहुतेक घरांतले पुरुष मुंबईला. मागे म्हातारी माणसं, सुना आणि माझ्या वर्गातली मुलं. त्या आषाढात वाडीच्या डोक्यावर, नाचणी लावतात त्या उतारावर, जमिनीला हातभर रुंद भेग पडली होती. विहिरीचं पाणी लाल यायला लागलं होतं. तलाठी दोनदा येऊन गेले, पण कुणी जागचं हललं नव्हतं.

वाडीत ज्यांचा शब्द चालतो त्यांना तिथे गावकर म्हणतात. हे गावकर पंच्याहत्तरीचे होते. ओटीवर खांबाला टेकून बसले होते. बाकीची वाडी त्यांच्या अंगणात छत्र्या धरून उभी. मी वाचलं, "सदर वाडीतील कुटुंबांनी तात्काळ सुरक्षित ठिकाणी स्थलांतरित व्हावे."

वीस वर्षं मी मुलांना मराठी शिकवत आले होते, पण ते वाक्य माझ्याच तोंडात परकं वाटलं.

मग गावकरांनी विचारलं, "बाईनू, जायाचं ता लिवलंय. परत कवा यायाचं ता लिवलंय का?"

मी कागद उलटा करून मागची बाजूही पाहिली. कोरी होती.

"नाय लिवलेलं," ते स्वतःच म्हणाले. "म्हंजे उठा असंच सांगतात."

'उठणे' या क्रियापदाचा त्यांच्या बोलण्यातला अर्थ मला ठाऊक होता. धरण झालं की गाव उठतं. वारस उरला नाही की घर उठतं. जे उठतं ते त्या जागी पुन्हा बसत नाही.

तेव्हा मी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "उठायचं नाही हो. शाळेत राहायला चला. चार दिवसांचा प्रश्न आहे. पाऊस उघडला की परत यायचं."

'जा' म्हणणारा मागे उभा राहतो, 'चला' म्हणणारा बरोबर निघतो. मी मुद्दाम 'चला' म्हटलं. 'राहायला' हा शब्दही पाहुण्यासारखा, लेकीला माहेरी बोलवावं तसा वापरला. अंगणातल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. गावकरांची सून आत गेली आणि भांड्यांचा आवाज येऊ लागला. पहिलं घर निघतंय असं दिसल्यावर बाकीचीही आवराआवर करायला पांगली.

गावकर मात्र जागचे उठेनात. "देवांचं काय?" त्यांनी विचारलं. देव्हाऱ्यात त्यांच्या चार पिढ्यांचे चांदीचे टाक होते. कौल घेतल्याशिवाय देव हलवायचे नाहीत अशी त्यांच्या घरची रीत. आत जाऊन त्यांनी देवाला पाकळ्या लावल्या आणि हात जोडून उभे राहिले. पाकळी पडली की देवाचं उत्तर आलं. आम्ही बराच वेळ थांबलो. बाहेर पावसाचा जोर वाढत होता. एकही पाकळी पडली नाही.

"देव काय बोलत नाय," ते म्हणाले.

"मग देव राहू देत इथेच," मी म्हणाले. "घराला सोबत होईल. चार दिवसांनी तुम्हीच येऊन पूजा करा."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग दिवा लावला, वात सारखी केली आणि दाराला कडी घालून माझ्यामागून पायऱ्या उतरले.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शाळेच्या पडवीत पेज वाढत होतो. ढगांचा गडगडाट असावा असं आधी वाटलं, पण तो थांबेचना. बायका बाहेर धावल्या. वर झाडं उभीच्या उभी खाली सरकत होती. मग धुरळ्यासारखं पाणी उडालं आणि चढणीचा रंगच बदलला. मी मुलं मोजली, पुन्हा मोजली. सगळी होती. माणूस एकही गेला नाही. आठ घरं गेली आणि त्यांत गावकरांचं होतं.

ते पडवीच्या कठड्याला धरून वर बघत होते. रडले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी सुनेकडे पाणी मागितलं.

पुढे रस्त्याकडेला पत्र्याच्या खोल्या झाल्या. वर्तमानपत्रांत आलं, 'चौदा कुटुंबांचे सुरक्षित स्थलांतर.' लोक मला म्हणायचे, बाई, तुमच्यामुळे वाचले. मी मान डोलवायची, पण त्या खोल्यांच्या दिशेने माझी पावलं वळत नसत. शेवटी गणपती झाल्यावर एका दुपारी गेले. गावकर दारात कोयतीला मूठ बसवत होते. आत फळीवर एक नारळ हळदकुंकू लावून ठेवलेला दिसला.

मी म्हणाले, "मी देव ठेवायला सांगितलं. चुकलं माझं."

"देव त्येंच्या मनानं ऱ्हायले," ते म्हणाले. मूठ ठोकून झाली तसं त्यांनी वर पाहिलं. "बाईनू, तुमी आला नसता तर आमी पन तितंच असतो. सून, नातवंडं, समदी. ता मी रोज बोलतो." मग कोयती बाजूला ठेवून म्हणाले, "पन परत यायाचं बोललात ना, ता बोलाय नको होतं. मी त्याच्यावर कडी घातली."

खरं सांगितलं असतं तर ते निघाले असते का, हे मी त्यांना विचारू शकले असते. विचारलं नाही. सुनेने चहा आणला. तो पिऊन होईपर्यंत आम्ही दोघं भाताच्या लोंब्यांबद्दल बोललो. खालचे दोन मळे वाचले होते आणि त्यांत पीक बरं दिसत होतं. पुढच्या आठवड्यात कापणीला सुरुवात करतो म्हणाले, दसऱ्याच्या सुट्टीत या.

मी गेले. विळा मला नीट चालवता येत नाही, म्हणून त्यांनी मला पेंढ्या बांधायला लावलं.