पटाची पुडी

आमच्याकडे माणसाआधी बैलाच्या तब्येतीची चौकशी होते. वडील तर त्यातले मुकादमच. आमचं गाव डोंगरकड्याजवळ. सुगी आटोपली की पंचक्रोशीत शंकरपट भरायचे, बैलजोड्या पळायच्या, आणि त्यात आमची जोडी नाही असं व्हायचं नाही. पळण्याआधी बैलांना गुळाच्या खड्यात चिमूटभर पांढरी पूड चारायची. जवळा बाजारला एक माणूस ती आणून द्यायचा. तिला नाव नव्हतं. सगळे पटाची पुडी म्हणत. ती खाल्लेला बैल मी जवळून पाहिलाय. डोळे तांबारलेले, मानेची कातडी थरथरती, शर्यत संपली तरी पाण्याला तोंड न लावता खुरांनी माती उकरत राहायचा. वडिलांना त्यात जोर दिसे, मला भीती वाटे.

नव्वदीच्या शेवटाला दादा बारावीला दुसऱ्यांदा बसला. पहिल्या वेळी डॉक्टरकी थोडक्यात हुकली होती, आणि भावकी काही गप्प बसणारी नव्हती. एका सकाळी चहात पूड ढवळताना मी त्याला पकडलं.

"बैलाचं अंग पळतंय, मग मान्साचं डोकं काहून न्हाई पळनार?" तो हसून म्हणाला.

मी तडक आईला सांगितलं, आईनं वडिलांना. मला वाटलं, आता चाबूक निघेल. वडिलांनी विचार करून हिशेब सांगितला, "बैलाच्या मानानं लई थोडी घे. अन् पटाच्या दिवशीच. रोज दिली की बैल बसतो." दादाला तर रोजच पट होता.

खरं सांगते, सुरुवातीला ती पूड पावली. रसायनशास्त्राची अख्खी प्रकरणं तो अंगणात फेऱ्या मारत घडाघडा म्हणायचा. मला गणित शिकवलं, तेही असं की माझ्या ठोंब्या डोक्यात शिरलं. चेहऱ्यावर तेज आलं होतं. आई शेजारपाजारी सांगत सुटली, "माझं लेकरू लई अभ्यास करून राहिलं." मलाही हेवा वाटला. एकदा पुडीत बोट बुडवून तोंडापर्यंत नेलं, पण कडवट वास आला आणि मी ते ओढणीला पुसलं.

मग त्याची भाकरी ताटातच राहू लागली. झोप उडाली. वाचताना दात करकरा खायचा, कुणी हाक मारली तर अंगावर यायचा. आईनं मीठमिरच्या उतरवल्या. एका दुपारी तो पुस्तकावर वाकला होता आणि त्याच्या मानेची कातडी आपोआप थरथरत होती. मी वडिलांना ओढत आणून दाखवलं. त्यांनी ओळखलं, बैलं सांभाळलेला माणूस, ओळखणारच. पण म्हणाले, "पेपर होऊ दे. आता मधीच थांबवलं तर पोरगं मागं पडंल."

पेपर झाले. शेवटचा देऊन तो फाट्यावर एसटीतून उतरला, चार पावलं चालला आणि कोसळला. हिंगोलीच्या दवाखान्यात कळलं, डोक्यात रक्तस्राव झालाय. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आईनं पुडीचं सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "त्या पुडीत काय होतं?"

वडील खाली बघत म्हणाले, "बैलाला देताना कोन इचारतं, साहेब?"

त्या क्षणी मला त्यांचा जितका राग आला, तितका पुन्हा कधी कुणाचा आला नाही.

निकालानंतर एका सकाळी भावकीतली एक काकू आली. तिचा मुलगा त्या वर्षी बारावीत गेला होता. इकडचं तिकडचं बोलून ती हळूच म्हणाली, "वहिनी, ती पुडी कुटं भेटती?"

आई तिचा हात धरून आत घेऊन गेली. दादा बाजेवर बसून डाव्या हातानं सदऱ्याचं बटण लावायची खटपट करत होता. तोंडातून लाळ गळत होती. काकूनं पदर तोंडाला लावला. डोळे भरून आले तिचे, खोटं कशाला सांगू.

मग आईच्या कानाशी लागून तिनं विचारलं, "पर मार्क किती पडले?"