काटकोन सर नदीवर जातात

गणिताच्या सरांना मुलं पाठीमागे ‘काटकोन’ म्हणायची. चालणं ताठ, बोलणं ताठ, आणि व्हरांड्याच्या कोपऱ्यावर वळायचं झालं तरी कवायतीत वळल्यासारखं. सरांना हे नाव ठाऊक होतं. त्यांच्या मते नावात काही चूक नव्हती.

घरी ते आणि त्यांची थोरली बहीण. ताई शिवणकाम करायची. कापड बेतताना मुद्दाम हाक मारायची, “गणितपंडित, या बाहीचा घेर सांगतोस का जरा?”

“ते तुझं तू बघ. माझं गणित वेगळं,” सर पेपरातून डोकं न काढता म्हणायचे.

एकदा विज्ञानाच्या बाईंनी आठवीची सहल नदीवर न्यायचं ठरवलं. नुसतं खेळून-खाऊन परत यायचं नाही. मुलांचे गट करायचे. प्रत्येक गटाने नदीचं पात्र मोजायचं, चित्र काढायचं, पाण्यातले किडे बघायचे आणि शेवटी नदीवर काहीतरी लिहायचं.

“म्हणजे ना धड हे, ना धड ते,” सर शिक्षकांच्या खोलीत म्हणाले. “गणित वहीत असतं, बाई. नदीवर नेलं तर भिजेल.”

“भिजू दे की. वाळेल,” बाई म्हणाल्या.

पण सहलीच्या आदल्या दिवशी बाईंसोबत जाणाऱ्या खेळाच्या सरांचा पाय मुरगळला आणि मुख्याध्यापिकांनी थेट काटकोन सरांकडे बोट केलं. सकाळी ताईने त्यांच्या डोक्यावर गवती टोपी बसवली. “ऊन लागलं तर संध्याकाळी माझंच डोकं खाशील. घाल मुकाट्याने.”

नदी फार मोठी नव्हती. सरांनी मुलांना काम सांगितलं: पलीकडे न जाता पात्राची रुंदी काढा. समोरच्या काठावरचं एक झाड धरायचं, अलीकडे काठ्या रोवून तेवढाच दुसरा त्रिकोण जमिनीवर करायचा आणि त्याची बाजू मोजायची. फळ्यावर हा त्रिकोण त्यांनी वर्षानुवर्षं काढला होता. प्रत्यक्ष जमिनीवर मात्र एकदाही नाही.

आणि जमीन काही फळ्यासारखी सपाट नव्हती. काठी मऊ मातीत कलायची. ज्या झाडाकडे नेम धरायचा, तेच पाण्यावर वाकलेलं. एका गटाने खोड धरलं, दुसऱ्याने शेंडा. प्रत्येक गटाचं उत्तर वेगळं आलं.

“सर, बरोबर कुणाचं?” एका मुलीने विचारलं.

पुस्तकाच्या शेवटी उत्तरं असतात, नदीच्या शेवटी कसली असणार!

“मला माहीत नाही,” ते म्हणाले. मुलं त्यांच्याकडे बघतच राहिली. हे वाक्य त्यांनी सरांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

मग झाडाची जागा नीट बघायला सर काठाशी वाकले. पाय सटकला, ते गुडघाभर पाण्यात बसले आणि टोपी निघाली प्रवाहाबरोबर.

“टोपी! धरा!” सर ओरडले.

“थांबा सर, वेळ मोजतोय!” एका गटातून उत्तर आलं. त्या गटाला प्रवाहाचा वेग काढायचा होता आणि मघापासून ते पानं सोडत होते. पानं वाऱ्याने भरकटायची. टोपी मात्र नदीच्या मधोमध, ऐटीत चालली होती. मुलं काठाकाठाने धावत होती, कुणी आकडे ओरडत होतं. आणि सर पाण्यात बसल्या बसल्या ओरडले, “अरे, त्या मोठ्या दगडापासून धरा! तिथून प्रवाह सरळ आहे!”

विज्ञानाच्या बाई हसून हसून खाली बसल्या.

टोपी पुढे लव्हाळ्यात अडकलेली सापडली. दुपारी सरांनीच युक्ती काढली. थोडं वर पूल होता. त्यावरून दोरीचं एक टोक पलीकडे नेलं, मुलं काठाने खाली उतरून झाडाशी आली, दोरी ताणली आणि मोजली. ज्यांनी आधी काठाचं चित्र काढून झाड किती वाकलंय ते बघितलं होतं, त्यांचं उत्तर सगळ्यांत जवळ निघालं. चित्रवाल्यांनी गणितात बाजी मारली म्हणून त्या गटाने जो गोंधळ घातला, त्याने झाडावरचे पक्षी उडाले.

संध्याकाळी ताईने दारातच विचारलं, “हे काय ध्यान?”

सर चिखलाने भरलेल्या पायांनीच तिच्या कापडाशी जाऊन उभे राहिले. “बाहीचा घेर कसा काढतेस गं तू? दाखव बरं.”

“आधी पाय धू,” ताई म्हणाली.

पुढच्या परीक्षेत टोपीच्या वेगाचा प्रश्न आला. तो गणितात धरायचा की विज्ञानात, यावरून सर आणि बाई शिक्षकांच्या खोलीत कडाकडा भांडले. शेवटी मुख्याध्यापिका वैतागून म्हणाल्या, “दोन्हीकडे घ्या, पण आवाज खाली!”