एका नसेपुरतं औषध

सुरतेच्या डोळ्यांच्या दवाखान्यात सकाळपासून जो तो मला विचारत होता, "ताई, कोणता डोळा?" भुवईवर पेनानं खूण केली, तरी सिस्टरनं परत विचारलंच. मी घाबरले. यांनाच ठाऊक नाही की काय? घरचं कुणी सोबत नाही आणि उजव्या डोळ्याला सगळं धुरकट दिसायला लागलेलं.

"सिस्टर, विसरता होय तुम्ही?"

सिस्टर आमच्या खानदेशातलीच निघाली. हसून म्हणाली, "विसरू नये म्हणूनच विचारतो, ताई. सलाईनमधून दिलेलं औषध अंगभर फिरतं, तुमची शुगर चढते. म्हणून थोडंसंच औषध डोळ्यामागं, सुजलेल्या नसेपाशी सोडायचं. मग डोळा चुकून कसं चालेल?"

मी सातवीत शाळा सोडलेली बाई. ती नस कशी असते, मला काय माहीत! पण साड्यांना खडे लावणाऱ्या आम्हा बायकांना चहा घाऊक मिळतो, बोलणीही घाऊकच. इथं माझ्या एकटीच्या, कुणाला न दिसणाऱ्या नसेसाठी एवढी माणसं जपून वागत होती. हे नेमकं नसेपाशीच औषध सोडणं कुणी शोधलं असेल? त्याचं भलं होवो.

डॉक्टर सुई घेऊन वाकले. "खाली, नाकाकडं बघा." पुन्हा नीट दिसेल का, हे ते आज सांगू शकत नव्हते. मी भीतभीतच नाकाकडं बघितलं आणि डोळा मिटू दिला नाही.